आंत्रातील जीर्ण शोथ व प्रतिकारपेशींची चिकित्सा : एक अभ्यास

प्रास्ताविक

गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस इंदापूर तालुक्यातील एक ऊस उत्पादक शेतकरी आपल्या चोवीस वर्षांच्या मुलास घेऊन प्रस्तुत लेखकाच्या बारामती येथील चिकित्सालयात आले. मुलास पाच वर्षांपासून सरक्त द्रवमलप्रवृत्ती होती. पुण्यातील पोटविकारतज्ज्ञांनी बृहदंत्राची दुर्बिणीतून तपासणी करून ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे निदान केले होते. मेसालामाइन, मधून मधून स्टिरॉइड व पुढे अॅझाथायोप्रिन असा औषधक्रम होता. औषध चालू असताना उपशय, कमी करताच पुनश्च रक्त, असे चक्र होते.

वडिलांनी खिशातून दोन कागद काढले. एक वृत्तपत्रातील कात्रण होते; त्यात मुंबईत विकसित झालेल्या ‘कार-टी’ पेशींची वार्ता होती. दुसरे एका खासगी केंद्राचे माहितीपत्रक होते. त्यात ‘स्टेम सेल’द्वारे आतड्याचा आजार मुळापासून बरा होईल असे आश्वासन असून खर्च काही लाखांचा होता. त्यासाठी कॅनॉलखालील एक एकर विकण्याची बोलणी सुरू झाली होती. “डॉक्टरसाहेब, एकर गेला तर जाऊ द्या, पण पोराचं पोट बरं होणार का तेवढं सांगा,” असे ते म्हणाले. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. दोन आठवड्यांची मुदत मागून जो अभ्यास केला, तो येथे वैद्यबांधवांपुढे व औषधी विक्रेत्यांपुढे ठेवीत आहे.

व्याधीचे स्वरूप

आंत्राच्या जीर्ण शोथाचे मुख्यत्वे दोन प्रकार मानले जातात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये शोथ बृहदंत्रापुरता व अंतस्त्वचेपुरता मर्यादित असतो. तो गुदापासून वर सलग पसरतो. दुसरा क्रोन्स व्याधी. न्यूयॉर्क येथील क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले. तो मुखापासून गुदापर्यंत कोठेही, मध्ये निरोगी भाग सोडून, भित्तीच्या सर्व थरांत होऊ शकतो. म्हणून त्यात संकोच व भगंदर हे उपद्रव होतात. हा पाश्चात्त्य देशांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. पंजाबमधील सर्वेक्षणात (प्रसिद्धी २००३) अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ आढळले, तेव्हा ती मागे पडली.

आपल्या शास्त्रात ग्रहणी, प्रवाहिका, पित्तातिसार व त्यातून होणारा रक्तातिसार यांच्या वर्णनात या लक्षणांचे मोठे साम्य सापडते. परंतु साम्य म्हणजे अभेद नव्हे. प्रत्येक रक्तातिसार कोलायटिस नसतो, आणि प्रत्येक कोलायटिसला ‘ग्रहणी’ हे नाव दिल्याने संप्राप्ती समजते असेही नाही. येथे एक गोष्ट आधीच नोंदवतो. आपल्या भागात क्रोन्सचा सर्वांत मोठा नकली चेहरा म्हणजे आंत्राचा क्षय. दोन्हीत क्षुद्रांत्र व बृहदंत्र यांच्या संधीवर व्रण होतात, ज्वर असतो, वजन घटते. क्षयाच्या रुग्णास क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले गेले तर क्षय भडकतो. ही चूक तज्ज्ञांकडूनही होऊ शकते. मग केवळ नाडी व मलपरीक्षेवर भिस्त ठेवणाऱ्याने किती सावध असावे?

सैन्य वाढविणे नव्हे

या व्याधीत प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते. ती भरकटलेली असते. आतड्यात अन्न असते, असंख्य सहवासी जंतू असतात. या सर्वांना ‘हे आपले, यांच्याशी लढू नका’ असे सांगणारी यंत्रणा शरीरात असते. तिचा प्रमुख घटक म्हणजे नियामक टी-पेशी. जपानमधील शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी वेगळ्या ओळखून दाखविल्या. अमेरिकेत मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘फॉक्सपी-३’ या जनुकाचा शोध प्रसिद्ध केला. याच जनुकावर नियामक पेशींची घडण अवलंबून असते, हे पुढे सिद्ध झाले. तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले. हे जनुक जन्मतः सदोष असलेल्या बालकांत तान्हेपणीच तीव्र अतिसार होतो, ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. नियामक पेशी नसतील तर पहिल्या आघातांत आतडे सापडते. त्याआधी १९९३ मध्ये फिओना पॉवरी व सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले होते की, टी-पेशींचा एक गट दिला असता बृहदंत्रशोथ होतो, आणि दुसरा गट सोबत दिला असता तो टळतो.

बारामती-इंदापूरच्या वाचकास हे समजावण्यास नीरा डाव्या कालव्याखालील जमिनीइतके चांगले उदाहरण नाही. पाणी आले, ऊस आला. आणि जेथे पाण्याचा निचरा राहिला नाही तेथे जमीन चोपण झाली. अशा शेतास आणखी एक आवर्तन देणारा शेतकरी शहाणा म्हणवत नाही. तो चर खोदतो, निचरा करतो. आंत्रशोथाच्या रुग्णास ‘इम्युनिटी वाढविणारे’ औषध देणारा वैद्य मात्र नेमके आणखी पाणी सोडतो. चरकाने सूत्रस्थानात व्याधिक्षमत्वाचा विचार केला आहे, आणि चक्रपाणींनी त्याचा अर्थ व्याधीच्या बळास विरोध व व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध असा दुहेरी उलगडला आहे. यात ‘वाढवा’ हा शब्द कोठेही नाही. तो आपण जाहिरातींतून उचलला.

येथे मला माझी चूक सांगावी लागते. याच मुलास कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, मी तीन महिने गुडूचीचा काढा व एक रसायनकल्प दिला होता. तेव्हा तो अॅझाथायोप्रिनही घेत होता. यकृताची एकही तपासणी मी त्या अवधीत करविली नाही. त्याच वर्षी मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर स्वप्रतिकारजन्य स्वरूपाच्या यकृतशोथाचे सहा रुग्ण प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबाबत आक्षेप घेतला. तो तपासण्यासारखा होता, कारण बाजारात गुळवेलीच्या नावाने दुसरी जातही येते. पुढे २०२२ मध्ये अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अहवाल आला. वादाचा निकाल काहीही लागो, ज्याचा प्रतिकार आधीच स्वतःवर उलटला आहे त्यास असे द्रव्य दीर्घकाळ देताना यकृताची तपासणी करावी, एवढे तरी त्यातून घेता येते. त्या मुलास अपाय झाला नाही. तो माझ्या दक्षतेने टळला असे मात्र म्हणता येणार नाही.

मुंबईची पेशी व एर्लांगेनची रुग्णा

आता कात्रणाकडे वळू. भारतातील पहिली कार-टी चिकित्सा ही महाराष्ट्राचीच आहे. पवई येथील आय.आय.टी. मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या संयुक्त प्रयत्नांतून ती झाली. पहिल्या रुग्णावर २०२१ मध्ये खारघर येथे प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ‘नेक्सकार-१९’ या नावाने तिला मान्यता दिली. आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. परदेशात कोटींच्या घरातील ही चिकित्सा ३० ते ४० लाखांच्या आसपास आली, ही मराठी माणसास अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

कृती अशी : रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, जेणेकरून बी-पेशींच्या पृष्ठावरील ‘सीडी-१९’ ही खूण त्या ओळखू लागतात. त्यांची संख्या वाढवितात. रुग्णास फ्लुडाराबीन व सायक्लोफॉस्फामाइड देऊन मूळच्या पेशी कमी करतात, व मग नव्या पेशी शिरेवाटे परत देतात. त्या बी-पेशींना शोधून नष्ट करतात. मान्यता आहे ती बी-पेशींच्या रक्तकर्करोगास व लसीकाग्रंथींच्या कर्करोगास, तोही इतर उपचारांनी न हटणारा किंवा उलटलेला असेल तर. आतड्याच्या शोथासाठी ही मान्यता नाही.

मग कात्रण आणि आतडे यांचा संबंध कोठून आला? जर्मनीतील एर्लांगेन येथे. तेथील गेओर्ग शेट व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ल्यूपसच्या एका तरुण रुग्णेस अशाच पेशी दिल्या. २०२४ मध्ये ल्यूपस, स्नायुशोथ व त्वक्काठिण्य मिळून १५ रुग्णांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. कल्पना अशी की, स्वतःविरुद्ध प्रतिद्रव्ये करणाऱ्या बी-पेशी पुसून टाकल्या तर नव्याने येणाऱ्या पेशी ‘अजाण’ असतात व चूक विसरतात. त्याच नगरीतून २०२५ मध्ये सर्व औषधांना न जुमानणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या एका तरुणीचा वृत्तांत आला; कार-टीनंतर औषधांविना तिला उपशम मिळाला. एक रुग्णा. विज्ञानात एका रुग्णाचे मोल मोठे असते, कारण ते दार दाखविते. परंतु त्या दारातून आपल्या मुलास ढकलण्यास ते पुरेसे नसते.

शिवाय जोखीम हलकी नाही. पेशी सक्रिय होताच तीव्र ज्वर, रक्तदाब उतरणे, कधी मनोभ्रम व आक्षेपक असे उपद्रव होतात. बी-पेशी गेल्याने पुढे दीर्घकाळ संसर्गाचे भय राहते. काही रुग्णांत पुढे टी-पेशींचाच कर्करोग आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या वर्गातील तत्कालीन मान्यताप्राप्त उत्पादनांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले. कर्करोगात मरण समोर असते, म्हणून हा सौदा पटतो. कोलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांत तसे नसते.

आतड्यासाठी थेट जे प्रयत्न झाले

नियामक पेशी बाहेर वाढवून परत देणे, हा आंत्रशोथाच्या दृष्टीने अधिक तर्कशुद्ध मार्ग. फ्रान्समध्ये क्रोन्सच्या २० हटवादी रुग्णांवर तो करण्यात आला (२०१२). पेशी निवडल्या त्या अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिन ओळखणाऱ्या, म्हणजे अन्नाबरोबर ते प्रथिन आतड्यात पोहोचताच पेशी तेथेच जागृत व्हाव्यात. ही युक्ती मला फार आवडली. आहारालाच अनुपान केले आहे! २० पैकी ८ रुग्णांत सुधारणा दिसली, आणि गंमत अशी की, सर्वांत अल्प मात्रा घेणाऱ्यांत ती अधिक होती. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लंडनमध्येही याच दिशेने प्रयोग हाती घेण्यात आला. अद्याप कोठेही हा नित्याचा उपचार झालेला नाही.

दुसरा मार्ग रुग्णाची सर्वच प्रतिकारयंत्रणा औषधांनी मोडून त्याच्याच मूलपेशींतून ती नव्याने उभारण्याचा. युरोपात क्रोन्सच्या ४५ रुग्णांवरील तुलनात्मक प्रयोगाचे फळ २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर ठरविलेला कठोर निकष उपचार घेतलेल्या २३ पैकी २ व न घेतलेल्या २२ पैकी १ रुग्णाने गाठला. उपचार घेणाऱ्यांतील एक दगावला.

तिसरी कथा आपल्या शल्यवैद्यांनी विशेष लक्षात ठेवावी. क्रोन्सजन्य भगंदरात मेदातील मूलपेशी सुईने भरण्याचे ‘डारव्हाडस्ट्रोसेल’ हे औषध. या पेशी स्वतः प्रतिकारपेशी नव्हेत. त्या भोवतालच्या प्रतिकारपेशींना शांत करतात. १२ कोटी पेशी एका वेळी टोचीत. २१२ रुग्णांच्या प्रयोगात (२०१६) सुमारे ५० टक्क्यांत मार्ग बंद झाला. नुसते द्रावण टोचलेल्यांतही ३४ टक्क्यांत झाला. २०१८ मध्ये युरोपची मान्यता मिळाली. पुढील मोठ्या प्रयोगात मात्र फरक सिद्ध झाला नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये उत्पादकाने ते युरोपच्या बाजारातून मागे घेतले. मान्यता मिळालेले औषधही पुन्हा कसोटीला लावले जाते व प्रसंगी मागे घेतले जाते, ही शिस्त आपल्या कल्पांना आपण कधी लावली आहे काय?

भगंदरातील क्षारसूत्राचे यश आपल्याकडे सुविख्यात आहे; भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९१ च्या बहुकेंद्रीय अभ्यासात पुनरुद्भव शस्त्रकर्मापेक्षा कमी आढळला. परंतु तरुण रुग्णात अनेक मुखांचा भगंदर, सोबत अतिसार, वजनात घट असेल तर सूत्र बांधण्यापूर्वी क्रोन्स व क्षय या दोहोंचा निरास करावा. शोथ धगधगत असताना कर्म केल्यास व्रण भरत नाही, आणि दोष मात्र क्षारसूत्राच्या माथी येतो.

माहितीपत्रकाचे काय

भारतात ‘स्टेम सेल’चे मान्यताप्राप्त उत्पादन मुळीच नाही असे नाही. बंगळूरु येथील एक उत्पादन पायाच्या रक्तवाहिन्यांच्या अवरोधासाठी व गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्य झाले आहे. याच अर्धसत्याचा आधार घेऊन मग कोणत्याही रोगासाठी पत्रके छापली जातात. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य अशा मोजक्या उपयोगांबाहेर मूलपेशी देणे केवळ नोंदणीकृत चिकित्सा-प्रयोगातच ग्राह्य आहे.

म्हणून रुग्णाने असे पत्रक आणले तर त्यास काय विचारायला सांगावे हे आपणास ठाऊक हवे. ‘सी.टी.आर.आय.’ या राष्ट्रीय नोंदवहीतील क्रमांक मागावा. ती संगणकावर कोणासही विनामूल्य पाहता येते, आणि जून २००९ पासून औषधप्रयोगांना ती नोंद अनिवार्य आहे. नीतिसमितीची मान्यता व रुग्णास समजणाऱ्या भाषेतील संमतिपत्र मागावे. अपाय झाल्यास भरपाई कोण देणार, हे लेखी घ्यावे. आणि खऱ्या प्रयोगात प्रायोगिक औषधाचे मूल्य रुग्णाकडून सहसा घेतले जात नाही, हे ठामपणे सांगावे. आमच्या शेतकऱ्याने त्या केंद्रास दूरध्वनी करून केवळ क्रमांक मागितला. तो मिळाला नाही. पुन्हा दूरध्वनीही आला नाही.

आपल्या हाती काय उरते

बरेच उरते. पोटविकारतज्ज्ञांच्या औषधांना धक्का न लावता आहारनियोजन, निद्रा, मनःस्वास्थ्य यांकडे आपण जितका वेळ देतो तितका कोणी देत नाही. मृदू व मध्यम अवस्थेत पिच्छाबस्ती, कुटज, बिल्व, मोचरस, दाडिम यांचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. (दाडिमाची साल इंदापूरच्या बागांत फुकट जाते, आणि आपण दाडिमाष्टक बाहेरून मागवितो, हे जाता जाता.) हरिद्रेच्या सत्त्वाबाबत आधुनिक प्रयोगही झाले आहेत. मेसालामाइनच्या जोडीने दररोज ३ ग्रॅम करक्युमिन देण्याच्या ५० रुग्णांवरील प्रयोगात (२०१५) करक्युमिन घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना महिन्याभरात उपशम मिळाला. उलट दिल्लीच्या एम्समधील प्रयोगात (२०१७) १५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा या अल्प मात्रेचा लाभ दिसला नाही. चिमूटभर हळदीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहावेत.

मर्यादाही स्पष्ट असावी. दिवसात सहा वा अधिक वेळा सरक्त मलप्रवृत्ती आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, ज्वर ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यांपैकी काहीही असेल तर ती तीव्र अवस्था होय. ट्रूलव्ह व विट्स यांनी १९५५ मध्ये बांधलेला हा निकष आजही वापरात आहे. अशा रुग्णास बस्ती देत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यापर्यंतचा प्रवास न झेपणाऱ्यास तेथे आधी स्थिर करता येते. बृहदंत्राचा विस्तृत शोथ आठ वर्षांहून जुना असेल तर कर्करोगाच्या शोधासाठी दुर्बीण तपासणी ठराविक अंतराने लागते, रुग्ण कितीही ‘बरा’ असो.

औषधी विक्रेत्यांसाठी थोडेसे. जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइड देत राहणे जितके घातक, तितकेच ते एकाएकी बंद करविणेही. दीर्घकाळ घेणाऱ्याची अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असते. अंगदुखीसाठी सहज हातात दिली जाणारी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके या रुग्णांत शोथ भडकवू शकतात; विक्रीपूर्वी एक प्रश्न विचारावा. पर्पटीकल्प व इतर रसौषधे वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नयेत. मेसालामाइन घेणाऱ्याच्या वृक्कांची तपासणी तशीही लागते. त्यात धातुघटित कल्पाची अज्ञात भर नको. आणि दुकानातील ‘इम्युनिटी’ असे लिहिलेली बरणी या रुग्णापुढे सरकवू नये.

दोन आठवड्यांनी पितापुत्र पुन्हा आले. मी त्यांना सांगितले की, मुंबईची पेशी खरी आहे पण ती या रोगासाठी नाही. पत्रकातील पेशी या रोगासाठी कोठेही सिद्ध नाही. आणि पुण्यात अजून एक पायरी शिल्लक आहे. तज्ज्ञांनी छातीचे चित्र व क्षयाची चाचणी करून इन्फ्लिक्सिमॅबचे भारतीय बनावटीचे जैवसमरूप सुरू केले. ते ‘टी.एन.एफ.’ या शोथकारक द्रव्यास रोखते, आणि सुप्त क्षय असल्यास त्यास जागे करू शकते, म्हणून ती चाचणी. माझ्याकडे आहार व वजनाची नोंद आहे. गुडूची बंद आहे. पहिल्या तीन मात्रांनंतर रक्त थांबले, वजन चार किलोंनी वाढले. एकर अजून त्यांच्याच नावावर आहे. पुढील दुर्बीण तपासणी गळीत हंगाम संपल्यावर करावयाची, असे वडिलांनी ठरविले होते. ती तारखेलाच व्हावी म्हणून मी आग्रह धरला आहे.